नदी ठेवील तिथे मुक्काम

लुआंग्वा नदीच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. झांबियाच्या ईशान्य टोकाला माफिंगा डोंगरात ती उगम पावते आणि सुमारे ७७० किलोमीटर वाहून झांबेझीला मिळते. या वाटेत तिला अडवणारं, तिचं पाणी मोजून सोडणारं कुणी नाही. खालच्या खोऱ्यात न्देवू घळीजवळ धरण बांधायचा बेत पुढे आला होता, तोही झांबियाच्या सरकारने २०१९ मध्ये थांबवला. त्यामुळे ही नदी अजून आपल्या मर्जीने वाहते. पावसाळ्यात काठ खाते, एखादं वळण कंटाळल्यासारखं सोडून देते आणि दुसरीकडून वाट काढते. सुटलेल्या वळणात पाणी साचून राहतं. शाळेच्या भूगोलात नालाकृती सरोवर म्हणून आपण ज्याची आकृती काढली, तशी सरोवरं इथे कितीतरी आहेत, आणि प्रत्येकात मगरी, बगळे, पाणघोडे यांची वस्ती.

या नदीच्या पश्चिम काठाला मुख्यत्वे साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. क्षेत्रफळ ९,०५० चौरस किलोमीटर, राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७२ सालचा. एका अंगाला मुचिंगा डोंगराची उभी भिंत, दुसऱ्या अंगाला नदी, आणि दोघांत कुंपणाची एकही तार नाही. जनावर नदी ओलांडून गावाकडे येतं, पुन्हा रानात जातं. नदीकाठचे सुप्रसिद्ध सफारी लॉज याच मोकळ्या पट्ट्यात उभे आहेत.

हे लॉज महाग आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. माणशी रात्रीला साधारण पाचशे डॉलरपासून पुढे, आणि ऐन हंगामात नावाजलेल्या ठिकाणी हजाराच्याही बरंच वर. त्या पैशांत राहणं, जेवणखाण, दोन्ही वेळच्या फेऱ्या आणि गाईड येतो. खोली म्हणजे बहुधा गवताने शाकारलेलं, नदीकडची बाजू पूर्ण उघडी ठेवलेलं घर. पांढरीशुभ्र मच्छरदाणी, जाड लाकडाचा पलंग, आभाळाखाली न्हाणीघर. दहा-बारा पाहुण्यांमागे त्याहून जास्त माणसं राबत असतात. जाहिरातीत फोटो असतात ते या सगळ्याचे. पण मला विचाराल तर त्या पैशांचं मोल खोलीत नाही. ते आहे खोलीच्या बाहेर जे मोकळं राहू दिलंय त्यात, आणि त्या मोकळेपणाची किंमत ज्यांनी मोजली त्या माणसांकडे परत काय जातं, त्यात.

उद्यानाच्या वेशीजवळच्या म्फुवेच्या एका लॉजची गोष्ट आता जगभर माहीत झाली आहे. लॉज बांधला गेला तो हत्तींच्या जुन्या वाटेवर. अंगणात एक जंगली आंब्याचं झाड आहे. आपल्या आंब्याशी त्याचा संबंध नाही, पण हत्तींना ते फळ फार आवडतं. ऑक्टोबरअखेर फळं पिकू लागली की हत्तींचं एक कुटुंब पायऱ्या चढून, स्वागतकक्षातल्या टेबलाशेजारून, पलीकडच्या अंगणात उतरायचं. 'वाँकी टस्क' या नावाने ओळखली जाणारी एक वाकड्या दाताची हत्तीण पुढे, तिच्या मागे लेकी आणि पिल्लं. लॉजवाल्यांनी दार लावलं नाही. त्या महिन्यांत तिथल्या माणसांना कधी थांबायचं आणि कधी बाजूला व्हायचं ते शिकावं लागतं. पाहुण्यांनाही.

उद्यानाच्या आत खोलवर असलेले छोटे बुशकॅम्प तर याहून साधे, आणि माझ्या मते याहून श्रीमंत. ते दरवर्षी नव्याने बांधले जातात. पावसाने रस्ते बंद होण्याआधी, नोव्हेंबरच्या सुमारास सगळं उतरवलं जातं. गवत, बांबू, बोरू, खांब, जे कुजेल ते मातीला, उरलेलं गोदामात. मे महिन्यात पाणी ओसरलं की माणसं परत येतात आणि आधी काठ पाहतात. मागच्या वर्षीची जागा आहे का? असेल तर किती उरली? लुआंग्वाने काठाचे लचके तोडलेले असतात, कधी अंगण गेलेलं असतं, कधी पूर्ण जागाच. मग दहा-वीस पावलं मागे सरकून पुन्हा खांब रोवायचे. गवत कापणारे, विणणारे, शाकारणारे हात आसपासच्या गावांतलेच. एका हंगामाच्या कामावर कित्येक घरांचं वर्ष चालतं.

काठ खचतो त्याचा फायदा घेणारा एक पक्षीही आहे. आपल्याकडे तारेवर बसलेला हिरवा वेडा राघू सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्याच कुळातला पण आकाराने मोठा, किरमिजी अंगाचा आणि निळसर डोक्याचा राघू ऑगस्ट-सप्टेंबरात थव्याथव्यांनी इथे येतो. नदीने नुकत्याच कापलेल्या उभ्या कड्यांत तो चोचीने आणि पायांनी खोल बीळ कोरतो. जुना कडा ढासळून उतरता झाला की साप-घोरपडींना चढायला सोपा, म्हणून त्याला ताजा, सरळ कडा हवा असतो. नदी दरवर्षी तो तयार करून देते. धरण बांधून पूर थांबला तर काठ कापला जाणार नाही आणि कडेही मिळणार नाहीत. शेकडो बिळांच्या कड्यासमोर नावेत बसून हा गलबला पाहणं, ही सप्टेंबर-ऑक्टोबरातली खरी मेजवानी.

नदीची दुसरी वस्ती पाणघोड्यांची. त्यांची दाटी जगात सर्वांत जास्त असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी लुआंग्वा एक. दिवसभर ते पाण्यात, कारण त्यांची कातडी उन्हात लवकर सुकते आणि तडकते. अंगातून लालसर चिकट स्राव येतो, जुन्या प्रवाशांनी त्याला रक्ताचा घाम म्हटलं. तो घामही नव्हे आणि रक्तही नव्हे. उन्हापासून आणि जखम चिघळण्यापासून तो त्यांना वाचवतो. अंधार पडला की एकेक करून ते काठ चढतात आणि रात्रभर चरतात. एकेक जनावर रात्रीत सुमारे चाळीस किलो गवत फस्त करतं. त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात, आणि त्यांतली एखादी तुमच्या खोलीच्या पायऱ्यांजवळून जाते. गवत खुडल्याचा फर्र-फर्र आवाज अगदी उशाशी येतो, मधूनच एक खोल घुरघुर. म्हणूनच लॉजचा एक नियम कुणालाही मोडता येत नाही: दिवेलागणीनंतर एकट्याने खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. पहारेकरी बॅटरी घेऊन न्यायला येतो. पाणघोडा जमिनीवर भेटला तर धोका त्याच्या रागाचा कमी आणि आपल्या जागेचा जास्त असतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहिलं की तो सरळ अंगावरून पाण्याकडे जातो.

दिवस लवकर उजाडतो. पाचच्या सुमारास गरम पाण्याचं भांडं येतं, शेकोटीभोवती चहा होतो, आणि साडेपाच-सहाला उघड्या गाडीतून निघायचं. दुपारी कडक ऊन, मुक्काम सावलीत. चारला चहा, मग अंधार पडेपर्यंत दुसरी फेरी. झांबियात रात्रीच्या फेऱ्यांना परवानगी आहे, म्हणून सूर्यास्तानंतर प्रखर दिव्याच्या उजेडात बिबटे, कांडेचोर, साळिंदर शोधत परतता येतं. बिबट्यांसाठी हे खोरं फार नावाजलेलं. ज्यांनी ताडोब्यात चितळ आणि वानरांची भयसूचना ऐकून वाघाचा माग काढलाय, त्यांना इथली भाषा नवी वाटणार नाही. इथे चितळाच्या जागी इंपाला आणि पुकू ही हरणं, वानरांच्या जागी बबून. पुकूची शीळ एकाच दिशेने, पुन्हापुन्हा आली की गाईड गाडी बंद करतो आणि कान देतो.

पण लुआंग्वाला जाऊन जो फक्त गाडीतून फिरला, त्याने अर्धं पाहिलं. इथला खरा वारसा पायी सफारीचा. सगळ्यांत पुढे वन्यजीव खात्याचा बंदूकधारी रक्षक, त्याच्या मागे गाईड, मग पाहुणे एका ओळीत, शेवटी चहाचं साहित्य वाहणारा माणूस. बोलायचं नाही. पळायचं तर अजिबात नाही. मोठं जनावर जवळून बघणं हा यातला हेतू नसतोच, उलट वाऱ्याची दिशा पाहून चांगला गाईड त्याला लांबून वळसा घालतो. दिसतं ते जमिनीवरचं. वाळूतल्या हत्तीच्या पावलाशी आमचा गाईड गुडघ्यावर बसला. पुढचं पाऊल गोल, मागचं लांबट. तळव्याच्या भेगांची नक्षी प्रत्येक हत्तीची वेगळी. त्याने खिशातली दोरी काढून पुढच्या पावलाचा घेर मोजला, त्या मापाच्या दुप्पट दोरी घेतली आणि उभी धरली: हत्तीची खांद्यापर्यंतची उंची जवळपास एवढी. मग ठशाच्या कडेकडे बोट दाखवलं. धार अजून ढासळली नव्हती, आत एकही किडा फिरला नव्हता. म्हणजे हत्ती थोड्याच वेळापूर्वी गेलेला. आमची वाट तिथे बदलली. हे गाईड लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष अशा परीक्षा देऊन परवाना मिळवतात, आणि त्यांच्यातले बरेचसे याच खोऱ्यातल्या गावांत वाढलेले.

वाटेवर ओळखीची झाडंही भेटतात. चिंच. आपण जिला घरची समजतो ती मुळात आफ्रिकेची, आणि इथे ती रानात आपोआप उभी असते. गोरखचिंचेची अवाढव्य खोडं दिसतात. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात ती आहेत. लांबलचक दोडक्यांसारखी फळं लोंबणारं किगेलियाचं झाड मुंबई-पुण्याच्या बागांत शोभेला लावलेलं असतं, इथे त्याच्या खाली पडलेली मरून रंगाची फुलं खायला इंपाला जमतात.

ही पायी चालण्याची रीत, आणि लॉजची कल्पनाही, नॉर्मन कार यांच्या नावाशी जोडलेली आहे. १९१२ साली जन्मलेले कार तेव्हाच्या नॉर्दर्न ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झांबियाच्या, शिकार खात्यात होते. पिकांची नासधूस करणारे हत्ती मारणं हे त्यांचं काम. त्या काळी आफ्रिकेच्या रानात पाहुणा यायचा तो बंदूक घेऊन. १९५० मध्ये कार कुंदा लोकांचे प्रमुख न्सेफू यांच्याकडे एक प्रस्ताव घेऊन गेले: तुमच्या जमिनीचा काही भाग जनावरांसाठी राखा, लोक ती नुसती पाहायला येतील आणि त्यासाठी पैसे देतील, ते पैसे तुमच्या लोकांचे. प्रमुखांनी मान्य केलं. नदीच्या पूर्व काठावर काही गोल झोपड्यांचा कॅम्प उभा राहिला, आणि त्याचं उत्पन्न गावाच्या तिजोरीत गेलं. १९६० च्या सुमारास नोकरी सोडून कार यांनी पायी सफाऱ्या सुरू केल्या. १९९७ मध्ये ते गेले. न्सेफूचा तो कॅम्प आजही चालू आहे.

या कराराचं मोठेपण समजायला त्याच्या आधीचं पाहावं लागतं. ब्रिटिश अमलात शिकारीचे कायदे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगलेल्या माणसांची पोटापुरती शिकारही गुन्हा ठरली. रान साहेबाचं झालं, हत्तीने शेत तुडवलं तर नुकसान मात्र शेतकऱ्याचं. कार आणि न्सेफू यांनी त्या व्यवहाराची दिशा बदलली. पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत हस्तिदंत आणि शिंगांच्या व्यापाराने हे खोरं लुटलं. काळा गेंडा इथून साफ नाहीसा झाला, आणि १९९८ मध्ये तो संपूर्ण झांबियातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २००३ पासून शेजारच्या नॉर्थ लुआंग्वात दक्षिण आफ्रिकेतून गेंडे आणून ते पुन्हा वसवले आहेत. साउथ लुआंग्वात अजून गेंडा नाही.

आजचा मोठा धोका तारेचे फास. मांसासाठी लावलेल्या फासात सिंह, रानकुत्रे, हत्तींची पिल्लंही अडकतात. 'कन्झर्वेशन साउथ लुआंग्वा' ही संस्था वन्यजीव खात्याबरोबर गस्त घालते, फास काढते, जखमी जनावरांवर उपचार करते. लॉजच्या पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशाचा यात मोठा वाटा असतो. काढलेल्या तारांपासून म्फुवेत स्त्रिया दागिने घडवतात. त्याच संस्थेचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते शेतांचं. हत्तीला मिरचीचा वास सोसत नाही. म्हणून मिरची आणि हत्तीचं शेण एकत्र करून विटा थापतात आणि शेताच्या कडेला धुमसत ठेवतात, मिरची भरलेले टेबलटेनिसचे चेंडू हत्तीच्या दिशेने उडवतात. धान्यासाठी हत्तीला फोडता येणार नाहीत अशी कोठारं बांधून देतात. मक्याचं एक कोठार गेलं की एका घराचं वर्ष गेलं, इतका तो हिशोब सरळ आहे. २०२४ च्या दुष्काळात सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली, तेव्हा उरलेसुरले दाणे जपणं म्हणजे काय ते या गावांनी अनुभवलं.

सगळा भार पर्यटनावर टाकणं धोक्याचं आहे, हे २०२० ने दाखवलं. विमानं थांबली आणि लॉज रिकामे पडले. कोट्यवधींच्या त्या खोल्या एकाही रक्षकाचा पगार काढू शकत नव्हत्या.

जायचं असेल तर लुसाकाहून म्फुवेला छोट्या विमानाने सव्वा तासाच्या आत पोहोचता येतं. सामान कमी आणि मऊ पिशवीत. काळे आणि गडद निळे कपडे नेऊ नयेत, त्से-त्से माशी नेमकी त्यांवरच येते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. जून ते ऑगस्टमध्ये हवा सुखाची, पहाटे चक्क थंडी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी आटतं, जनावरं नदीवर लोटतात आणि पारा चाळिशी गाठतो. पावसाळ्यात बरेच कॅम्प बंद, पण चालू असलेल्यांचे दर उतरतात, रान हिरवंगार होतं आणि भरल्या नदीतून नावेने सरोवरांत शिरता येतं. शाकाहाऱ्यांनी आधी कळवावं, आणि एकदा तरी कामगारांच्या स्वयंपाकातली न्शिमा मागून घ्यावी: मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी. हाताने गोळा करून, भाजीत बुडवून खायची. मराठी जिभेला ती लगेच पटते.

लॉज निवडताना न्हाणीघराचे फोटो सगळेच पाठवतात. पत्रव्यवहारात तीन प्रश्न जरूर विचारावेत: गाईड आणि व्यवस्थापक कुठले आहेत, रात्रीच्या दरातला किती भाग गस्तीला आणि गावच्या निधीला जातो, आणि शाळा किंवा कोठारांचं कोणतं काम सध्या चालू आहे. ज्यांचं काम खरं आहे ते रकमेसकट उत्तर देतात.