उत्तराआधीचा अंदाज

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याची निसर्गाविषयीची बरीच मते आधीच तयार असतात. वीज दिव्यात खर्च होऊन संपते, जड वस्तू नेहमी आधी पडते, झाड माती खाऊन वाढते. ही मते रोजच्या अनुभवातून आलेली असल्याने पक्की असतात आणि पुस्तकातली व्याख्या पाठ झाली तरी तिच्या शेजारी बिनघोर नांदतात. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण अचूक लिहिणारा विद्यार्थी वडाच्या खोडातले लाकूड कुठून आले, या प्रश्नाला ‘मातीतून’ असे उत्तर देतो. वर्गात आधी बाहेर यायला हवीत ती ही मते.

हाच प्रश्न व्हान हेल्माँट यांनी सतराव्या शतकात विलोचे रोप कुंडीत लावून तपासला होता. पाच वर्षांत झाडाचे वजन सुमारे ७४ किलोंनी वाढले. माती घटली ती जेमतेम ५७ ग्रॅम. त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा ध्यानात यायला आणखी सुमारे दीडशे वर्षे लागली. शिक्षकाने हे आकडे फळ्यावर मांडून चुकीच्या निष्कर्षासकट वर्गापुढे ठेवावेत. जाणकाराचाही तर्क अपुरा ठरू शकतो हे दिसले, की मागच्या बाकावरचा हात वर येऊ लागतो.

विद्युतधारेच्या पाठात अडचण वेगळी असते. घटाकडून निघालेली धारा दिव्यात थोडी ‘वापरली’ जाते, असे बहुतेकांना वाटते. एकसर जोडणीत दिव्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अमीटर जोडला, तर दोन्हींवर वाचन सारखेच येते. मग दिवा उजळतो कशावर? धारा तेवढीच राहते; दिव्यातून जाताना प्रभारांची विद्युत ऊर्जा प्रकाशात आणि उष्णतेत बदलते, आणि हा फरक दिव्याच्या दोन टोकांना जोडलेला व्होल्टमीटर दाखवतो. ज्यांच्या नावाचा नियम या पाठात येतो ते जॉर्ज ओहम कोलोनच्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत, आणि शाळेच्याच प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर त्यांनी आपले प्रयोग सुरू केले होते.

बहिर्गोल भिंगाचा प्रयोग तर कोणत्याही शाळेला परवडणारा आहे. वर्गातले दिवे बंद करून उघड्या खिडकीसमोर भिंग धरायचे आणि मागे पांढरा कागद पुढेमागे सरकवायचा. एका ठरावीक अंतरावर बाहेरचे झाड कागदावर उलटे आणि ठसठशीत उमटते. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर काय होईल? अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा, तोही कारणासह. नाहीतर प्रयोगानंतर सगळेच ‘मला ठाऊक होते’ म्हणतात. अर्धी प्रतिमा नाहीशी होईल, असे बरेच जण लिहितात. पुठ्ठा लावल्यावर झाड पूर्ण दिसत राहते, फक्त फिकट होते. झाडाच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सर्व भागांवर पडतात. त्यातले निम्मे अडले तरी उरलेले त्याच जागी एकत्र येतात. एरवी किरणाकृती सफाईने काढणारे विद्यार्थीही येथे चकतात, कारण आकृतीत सोयीसाठी काढलेल्या दोन-तीन रेषांनाच त्यांनी सगळा प्रकाश मानलेले असते.

मराठीतून शिकवताना भाषेकडेही बारीक लक्ष द्यावे लागते. बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द घरात एकमेकांच्या जागी चालतात. विज्ञानात त्यांची एकके न्यूटन, वॅट आणि ज्यूल अशी वेगळी आहेत. बाजारात वजन किलोत सांगतात. पण ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे पृथ्वीवरचे वजन सुमारे ५८८ न्यूटन भरते आणि चंद्रावर त्याच्या साधारण एक षष्ठांश, म्हणजे ९८ न्यूटन. वस्तुमान मात्र दोन्हीकडे ६० किलोग्रॅमच. डोक्यावर ओझे घेऊन फलाटावर उभ्या असलेल्या हमालाने ओझ्यावर केलेले ‘कार्य’ शून्य आहे, हे वाक्य मुलांना अन्यायाचे वाटते. तो आक्षेप मोडून न काढता त्यावर बोलू द्यावे: हमालाचे स्नायू ऊर्जा खर्च करतातच, विस्थापन मात्र झालेले नसते.

पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांनाच शिकवावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४–६६) केली होती. त्यामुळे वर्गात पुढे वाणिज्य, कला किंवा आयटीआयकडे जाणारेही बसलेले असतात. त्यांच्यासाठी शाळेतले विज्ञान हेच बहुधा शेवटचे विज्ञान असते. म्हणून एखादा दावा ऐकल्यावर तो तपासायचा कसा, ही सवय सूत्रांइतकीच महत्त्वाची ठरते.

ती सवय मोडते ती प्रयोगवहीत. दहावीला विज्ञानाच्या दोन भागांना प्रत्येकी ४० आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात. भिंगावर १० सेंमी नाभीय अंतर छापलेले असले, की वहीतही तिन्ही वेळा १०.० उतरते. प्रत्यक्षात प्रतिमा नेमकी कुठे स्पष्ट झाली हे ठरवतानाच काही मिलिमीटरचा फरक पडतो. ९.७, १०.२ आणि ९.९ अशी वाचने लिहून सरासरी ९.९ काढणाऱ्या आणि फरकाचे कारण सांगणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.