फुप्फुसाचा कर्करोग आणि जनुकांची तपासणी

फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाव निघाले की पहिला प्रश्न विडी-सिगारेटचा येतो आणि, घरात पूर्वी कोणी त्याच रोगाने गेले असेल तर, 'हे आनुवंशिक तर नाही ना' हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. 'जनुकांची तपासणी करून घ्या' असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांना ही तपासणी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी वाटते. प्रत्यक्षात या रोगात ती बहुतेक वेळा रुग्णाच्या वंशाची नव्हे, तर त्याच्या गाठीची असते, आणि हा फरक न कळल्यामुळे कुटुंबे नको तिथे घाबरतात आणि हवी ती तपासणी मात्र लांबणीवर टाकतात.

पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, याच्या सूचना जनुकांत असतात. या सूचनांत कायमचा बदल झाला तर त्याला उत्परिवर्तन म्हणतात. आई-वडिलांकडून आलेले उत्परिवर्तन शरीराच्या प्रत्येक पेशीत असते व पुढच्या पिढीत जाऊ शकते. पण फुप्फुसाच्या कर्करोगातील बहुसंख्य उत्परिवर्तने आयुष्यात पुढे केव्हातरी फुप्फुसातील पेशींतच घडलेली असतात, त्यामुळे ती मुलाबाळांकडे जात नाहीत.

अशा बदलांपैकी सर्वांत महत्त्वाचा बदल ईजीएफआर या जनुकातील आहे. पेशीला वाढीचा संदेश देणारे हे जनुक बिघडले की संदेश अखंड सुरू राहतो, आणि तोच रोखणाऱ्या गेफिटिनिबसारख्या गोळ्या नेमक्या कोणाला लागू पडतात याचा उलगडा २००४ साली झाला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या ९०७ भारतीय रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांत ईजीएफआरचे उत्परिवर्तन आढळले. त्याच रुग्णालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा रुग्णांना गोळीच्या जोडीला केमोथेरपी दिली असता रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक कालावधी ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, मात्र दुष्परिणामही वाढले. एएलके, आरओएस१ यांसारख्या इतर जनुकांतील बदलांवरही स्वतंत्र औषधे आहेत. म्हणून या तपासणीचा अहवाल उपचाराची दिशा ठरवतो.

ही तपासणी ज्यावर होते ती वस्तू अगदी लहान असते. बायोप्सीच्या सुईतून निघालेले धाग्याएवढे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवले जातात आणि त्या ठोकळ्याचे, ज्याला प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात, काही मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतले जातात. निदानाच्या चाचण्यांतच ब्लॉक संपला तर जनुकांसाठी पुन्हा बायोप्सी करावी लागते. डोंबिवलीत बायोप्सी करून पुढील उपचारांसाठी परळला जाणाऱ्या रुग्णाने म्हणूनच केवळ अहवाल नव्हे, तर ब्लॉक आणि स्लाइडही सोबत नेणे आवश्यक ठरते. पुरेशी ऊती मिळत नसेल तेव्हा रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी करता येते. पण तीत काही न सापडणे म्हणजे उत्परिवर्तन नाहीच, असे मानता येत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा शून्य नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल तर धोका काही प्रमाणात वाढतो, मात्र एकाच घरात धूर, हवा आणि सवयीही सामाईक असतात. २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावरील जो भाग या रोगाशी जोडला गेला, त्यात पेशींवरील, निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टर) जनुके आहेत आणि त्यांचा संबंध तंबाखूच्या व्यसनाशीही आहे; म्हणजे वारशाने आलेला हा धोकाही बऱ्याच अंशी सिगारेटच्याच वाटेने येतो. लाळेच्या नमुन्यावरून भविष्य सांगणाऱ्या चाचणीपेक्षा सिगारेट सोडणे म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

तरीही सारा दोष धूम्रपानावर टाकून चालत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील केवळ ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, आणि टाटा रुग्णालयातील ४८९ रुग्णांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगकारक ठरवली. २०२३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले की हवेतील सूक्ष्म कण फुप्फुसात दाह निर्माण करतात आणि ईजीएफआरचे उत्परिवर्तन असलेल्या सुप्त पेशींना वाढीस लावतात. घोडबंदर रस्त्यावरील अवजड वाहतूक, डोंबिवलीच्या एमआयडीसीतील रासायनिक कारखाने आणि कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीला लागत आलेल्या आगी यांच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी हवेचा प्रश्न हा आरोग्याचाच प्रश्न आहे. अॅस्बेस्टॉसचे तंतूही हा रोग घडवतात, आणि तो अनेकदा काही दशकांनी दिसतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला.

आपल्याकडे निदानातही एक अडचण आहे. खोकला, वजन घटणे आणि एक्स-रेवरील डाग ही क्षयाचीही लक्षणे असल्यामुळे, थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टीबीची औषधे सुरू होतात आणि कर्करोगाचे निदान काही महिने मागे पडते. औषधांनी डाग कमी होत नसेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा आवाज बसलेलाच राहत असेल, तर रुग्णाने कधी सिगारेट ओढली नसली तरी सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा आग्रह धरला पाहिजे. निदान झाल्यावर, प्रकृती परवानगी देत असेल तर, जनुकांचा अहवाल येईपर्यंत उपचारांची निवड थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्याने न संकोचता वापरावा.