नवसाचे घोडे आणि हकू शाह

संग्रहालयाचे पहिले काम वस्तू टिकवणे. पण जी वस्तू टिकावी म्हणून घडवलेलीच नाही, तिचे संग्रहालयाने काय करावे? चित्रकार आणि संग्रहालयतज्ज्ञ हकू शाह (१९३४–२०१९) यांचे काम मला महत्त्वाचे वाटते ते या प्रश्नामुळे.

हकूभाईंचा जन्म वालोडचा. तेव्हा सुरत जिल्ह्यात आणि मुंबई इलाख्यात असलेले हे गाव आज तापी जिल्ह्यात आहे. सीमेपलीकडे आपला नंदुरबार जिल्हा लागतो. भिल्ल, गामीत, कोकणा यांची वस्ती दोन्ही अंगांना आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते चित्रकला शिकले. ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन तिथे शिकवत, तो हा काळ. पुढे ते आयुष्यभर चित्रे काढत राहिले. पण वालोडच्या परिसरातील मातकाम त्यांच्या नजरेआड झाले नाही.

गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात नवस फेडताना देवाला मातीचा घोडा वाहतात. गुरे बरी व्हावीत, मूल व्हावे, पीक यावे, असे ते नवस. कुंभार पाय, धड, मान हे भाग चाकावर पोकळ घडवतो, जोडतो आणि भाजतो. घोडा झाडाखाली, देवाच्या ठाण्यावर नेऊन ठेवला की नवस फिटला. मग त्याची निगा कोणी राखत नाही. ऊनपावसात तो झिजतो, फुटतो. शेजारी नवा येऊन उभा राहतो.

असा घोडा कपाटात आला की तो फक्त शिल्प होतो. पाटीवर ‘भाजलेली माती, दक्षिण गुजरात’ एवढेच उरते. घडवणारा हात आणि वाहणाऱ्याची निकड, दोन्ही गळून पडतात.

हकूभाईंनी ही गळती रोखण्याचा प्रयत्न केला. १९६८ साली फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात स्टेला क्रामरिश यांनी भारतीय आदिवासी व ग्रामीण विधिकलेचे प्रदर्शन भरवले, त्यात त्यांचा मोठा सहभाग होता. अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाचे आदिवासी संग्रहालय त्यांनी उभे केले आणि अनेक वर्षे सांभाळले. गुजरातच्या नवसाच्या मातीकामावरचे त्यांचे पुस्तक १९८५ साली आले. या कामात कुंभार, त्याची रीत आणि नवस यांना वस्तूइतकेच स्थान आहे.

याच दृष्टीची पुढची पायरी गणेश जोगी यांच्याबाबत दिसते. गणेशभाई आणि तेजूबेन हे गाणी म्हणत भिक्षा मागणारे जोडपे. हकूभाईंनी गणेशभाईंच्या हाती कागद-लेखणी दिली. मागोमाग तेजूबेनही चित्रे काढू लागल्या आणि पुढे नावानिशी ओळखल्या गेल्या. लोककलावंताला ‘अनामिक’ म्हणण्याची आपली सवय किती आळशी आहे, हे इथे कळते. पुष्कळदा नाव असते. आपण विचारलेले नसते.

कपाटातला घोडा ठाण्यावर परत जात नाही, ही अडचण हकूभाईंच्या रीतीनेही सुटत नाही. तरीही आपल्याकडे लाकडी वाघदेव, मुखवटे, देवाचे टाक हौसेने गोळा होतात, तेव्हा ही रीत उपयोगी पडावी. वस्तू उचलण्याआधी कोणी घडवली, कोणी कशासाठी वाहिली आणि ती इथून हलवावी का, एवढे विचारून लिहून ठेवावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर वस्तू तिथेच राहू द्यावी आणि टिपण तेवढे घेऊन यावे.