आणखी एकच वाढू?

गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 रोजी. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून ते खात होते. त्यांच्यापुढे ताट वाढून आणलं, तेव्हा त्यांनी सगळे पदार्थ एकत्र कालवले आणि खाल्ले. गोड कुठलं, तिखट कुठलं, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. बुलढाणा जिल्ह्यात ही कथा पोरासोरांनाही पाठ असते. महाराजांचा भक्त बंकटलाल याचा चुलतभाऊ इच्छाराम, त्याची गोष्ट मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते.

दासगणूंनी 1939 साली लिहिलेल्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या पोथीत ती आहे. इच्छारामचा सोमवारचा उपास होता. तो सोडण्याआधी महाराजांना जेवू घालावं, म्हणून त्याने गोडाधोडाचं भरगच्च ताट पुढे ठेवलं आणि मनापासून आग्रह केला. महाराजांनी ताट चाटूनपुसून संपवलं आणि मग सगळं ओकून टाकलं. आग्रहाचं फळ काय असतं, ते लोकांना दाखवण्यासाठी हे केलं, असा पोथीचा अर्थ आहे. समर्थ रामदासांबद्दलही खिरीच्या वासनेची अशीच आख्यायिका सांगतात. आता कुणी वजनाच्या धास्तीने जेवून मुद्दाम ओकत असेल, तर ती साधना नव्हे, आजार आहे. त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. कथेतला खरा चिमटा ओकारीत नाही, वाढणाऱ्याच्या हट्टात आहे.

तो हट्ट बघायचा तर वऱ्हाडातल्या रोडग्याच्या पंगतीत बसावं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा अंगठ्याने फोडून वरणात कुस्करायचा, वर तुपाची धार, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. दुसऱ्या रोडग्यानंतर जेवणारा पत्रावळीवर आडवा हात धरतो. वाढपी तो हात बाजूला करतो, ‘एवढ्यानं काय होते भाऊ’ म्हणतो आणि तिसरा टाकतो. नको म्हणणं यजमानाला लागतं, पानात टाकणं अन्नाला लागतं. मग पोटाला लागलं तरी चालतं. भूक तर दुसऱ्या रोडग्यालाच संपलेली असते.

जिथे शेतात राबणारी माणसं होती तिथे हा आग्रह खपून गेला. आता 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे साधारण एकाचं वजन प्रमाणाबाहेर आढळलं आहे. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईची 80 च्या पुढे गेली की डॉक्टर भारतीय माणसाला मधुमेहाबद्दल सावध करतात.

या आग्रहावर परंपरेने शोधलेला उपाय म्हणजे नेम. ‘पोट भरलं’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही, पण ‘आज माझा गुरुवार आहे’ म्हटलं की वाढपी मुकाट्याने पुढे सरकतो. नेम घेतला की नकार देणं उद्धटपणाचं राहत नाही. जैन धर्मातल्या सहा बाह्य तपांमध्ये उपवासाच्या जोडीला ऊणोदरी आहे: भूक शिल्लक असतानाच पानावरून उठायचं. पदार्थांची संख्या कमी करणं आणि तूप, दूध, साखरेसारखे रस सोडणं ही आणखी दोन तपं. गांधीजींनी आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद घातला, त्याचाही रोख जिभेच्या लाडांवरच होता.

आपण मात्र उपासातही पळवाट काढली. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, तेवढ्याच शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. त्यात तूप आणि बटाटा पडला की उपासाची उसळ भाजी-भाकरीला सहज मागे टाकते. शेगावातही दोन्ही गोष्टी शेजारी नांदतात: महाराजांच्या नावाशी जोडलेलं पिठलं-भाकरी आणि अंबाडीची भाजी, आणि स्टेशनवर उतरल्या उतरल्या हाक मारणारी कचोरी. कचोरीला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न चौथीचा असतो.

नेमाचं हे बळ डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहारपद्धतीतही दिसलं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेली ही पद्धत: कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं, मधे काही खायचं नाही, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. तज्ज्ञांत त्यावर वाद झाले, अजून होतात. लोकांनी मात्र ती व्रतासारखी धरली. लग्नाच्या पंगतीत ‘माझं दीक्षित चालू आहे’ हे वाक्य ‘माझा गुरुवार आहे’च्याच सुरात ऐकू येऊ लागलं आणि जिलबीचं ताट पुढे जाऊ लागलं.

अमेरिकेत 1960 साली लॉस एंजेलिसला सुरू झालेली ओव्हरईटर्स अॅनॉनिमस ही संघटना याच दिशेने गेली. दारू सोडवणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या तिने अन्नाला लावल्या: आपल्याच्याने आवरत नाही हे कबूल करायचं, स्वतःहून मोठ्या शक्तीवर भार टाकायचा, आणि त्याच वाटेवरच्या माणसांत बसून बोलायचं. वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. शेगावची पालखी पंढरपूरला जाते ती वाट सातशे किलोमीटरांहून लांब आहे. तेवढं एकट्याने चालणारे किती निघतील? दिंडीत पावलं आपोआप पडतात, आणि पानावर पडेल ते खाऊन माणूस पुन्हा चालू लागतो.

श्रद्धेच्या भरात एक गोष्ट विसरू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने मनानेच उपास धरला तर साखर एकदम खाली येऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. गरोदर बायांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. नेम मोडला म्हणून स्वतःला शिक्षा देत दोन दिवस उपाशी राहणं आणि तिसऱ्या दिवशी फडशा पाडणं, हे चक्र तर वजनही वाढवतं आणि मनही खातं. वाढणाऱ्यांनाही एक नेम घेता येईल: पाहुण्याने हात आडवा धरला की पळी मागे घ्यायची.