पॅकेट गेलं कुठं?

सर्व्हर रूममधल्या रॅकमध्ये एक चपटी पेटी बसवलेली असते. मागच्या बाजूला जेमतेम दोन नेटवर्क केबल. आत मात्र चाळीस-पन्नास संगणक एकाच वेळी चालू असू शकतात. त्यातल्या प्रत्येकाची ठाम समजूत असते, की आपल्याला स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे, त्यात केबल खोचलेली आहे आणि तिचं दुसरं टोक कुठल्याशा स्विचमध्ये गेलेलं आहे. यातलं काहीही अस्तित्वात नाही. कार्ड, केबल, स्विच, सगळा लिनक्सच्या मेमरीत चाललेला कोड.

फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० पासून असे आभासी संगणक चालवणारा केव्हीएम हा कर्नलचाच भाग झाला आणि साध्या लिनक्स सर्व्हरवर ते पोसणं आवाक्यात आलं. पोसणारा तो होस्ट, आत राहणारा तो गेस्ट किंवा व्हीएम. गेस्टच्या कार्डाचं होस्टकडचं टोक ‘व्हीनेट०’, ‘व्हीनेट१’ अशा नावांनी दिसतं. ही सगळी टोकं ब्रिजला जोडलेली असतात. ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरचा स्विच. खऱ्या केबलचं कार्ड, समजा ‘ईएनओ१’, तेही त्याच ब्रिजला जोडलेलं.

इथे कारागिरी किती बारीक आहे, ते पाहा. केव्हीएमच्या गेस्टचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या कार्डाची ओळख, बहुधा ५२:५४:०० ने सुरू होतो. होस्टकडच्या टोकाचा पत्ता मात्र एफई:५४:०० ने; पुढचे आकडे तेच. हा बदल कशासाठी? वेगळं काही सांगितलेलं नसेल तर लिनक्सचा ब्रिज त्याला जोडलेल्या कार्डांपैकी सर्वांत लहान मॅक पत्ता स्वतःचा म्हणून घेतो. नव्या व्हीएमचा पत्ता खऱ्या कार्डापेक्षा लहान निघाला, तर ती सुरू होताक्षणी ब्रिजचाच पत्ता बदलेल आणि होस्टचं नेटवर्क काही काळ गचके खाईल. म्हणून व्हीएमची व्यवस्था बघणारं लिबव्हर्ट पहिला आकडा मुद्दाम मोठा करून टाकतं. एका आकड्यात एवढी दूरदृष्टी!

असं जाळं बिघडलं की हलवून बघायला केबल नसते आणि लुकलुकणारा दिवाही नसतो. पण पद्धत जुनीच चालते. नळाला पाणी येत नसेल तर प्लंबर मीटर, टाकी, व्हॉल्व्ह असं टप्प्याटप्प्याने बघत जातो, तसं पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, शेवटचं कुठे दिसलं ते शोधायचं.

एक नेहमीचा बिघाड जवळून पाहू. व्हीएम कित्येक महिने निमूट चाललेली आहे. सकाळी कुणीतरी त्याच होस्टवर कंटेनर चालवणारं डॉकर टाकलं आणि दुपारी तक्रार आली, व्हीएमचं नेट गेलं. आत शिरून पिंग मारलं तर होस्ट उत्तर देतो, राउटर देत नाही. आता व्हीएममध्येच ‘आयपी नेबर’ ही आज्ञा द्यायची. राउटरचा मॅक पत्ता तिथे हजर! म्हणजे ‘हा आयपी कुणाचा?’ ही व्हीएमची हाक (हिला एआरपी म्हणतात) राउटरपर्यंत पोचली आणि त्याचं उत्तरही परत आलं. केबल शाबूत, स्विच शाबूत, ब्रिजही शाबूत. तरी पिंग गायब. मला या क्षणाचं फार अप्रूप वाटतं, कारण हा विरोधाभासच बोट धरून दोषापर्यंत नेतो.

होस्टवर दोन खिडक्या उघडायच्या आणि दोन्हींत येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडम्प लावायचं. हे साधन १९८८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिलं गेलं, आणि आजही त्याला तोड नाही. एका खिडकीत व्हीनेट०, दुसरीत ईएनओ१. पहिलीत दर सेकंदाला पिंगची एक ओळ उमटते. दुसरीत शांतता. मग मधेच एआरपीची ओळ येते आणि ती दोन्हीकडे दिसते! या दोन टोकांच्या मध्ये ब्रिजखेरीज काही नाही. म्हणजे पॅकेट ब्रिजवरच गिळलं जातंय, आणि तेही निवडून.

खरं तर ब्रिजने फक्त मॅक पत्ता बघावा. आत आयपी पॅकेट आहे की आणखी काही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण लिनक्समध्ये ‘बीआर-नेटफिल्टर’ नावाचं एक मॉड्यूल आहे. ते चालू झालं की ब्रिजवरून जाणारं आयपी पॅकेटही फायरवॉलच्या हाती तपासणीला जातं. डॉकरच्या बऱ्याच आवृत्त्या हे मॉड्यूल चालू करतात. शिवाय २०१७ च्या १.१३ या आवृत्तीपासून डॉकर फायरवॉलच्या ‘फॉरवर्ड’ साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ करून ठेवतं. हेतू चांगला, होस्ट कुणाही परक्यासाठी राउटर बनू नये हा. पण त्यात शेजारची व्हीएम विनाकारण भरडली जाते. एआरपी हे आयपी पॅकेटच नाही, म्हणून ते या तपासणीतून सुटतं. पडताळा घ्यायचा तर फायरवॉलच्या आयपीटेबल्समध्ये फॉरवर्ड साखळीचा आकडा बघत बसावं. व्हीएमच्या दर पिंगला ड्रॉपचा आकडा वाढतो. चोर रंगेहाथ सापडतो.

इलाज दोन. ‘डॉकर-यूझर’ साखळीत आपल्या ब्रिजला वाट देणारा नियम घालायचा किंवा ब्रिजवरची तपासणीच बंद करायची. दुसरा सोपा, पण कंटेनरांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारे डॉकरचे स्वतःचे काही नियम त्याच तपासणीवर विसंबून असतात. मी पहिलाच सुचवीन.

याच शोधात नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट भेटते. टीसीपीडम्पला तपशील मागितला की ते पॅकेटमागून पॅकेट ‘चेकसम चुकीची’ म्हणून दाखवतं. घाबरायचं कारण नाही. चेकसम, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखायची बेरीज, काढण्याचं काम संगणक हल्ली कार्डावर सोपवतो. आभासी कार्ड म्हणतं ठीक आहे, आणि काहीच करत नाही! पॅकेट शेजारच्या व्हीएमकडे मेमरीतूनच जाणार असेल तर तारेवरचा गोंधळ त्याच्या वाट्याला येणारच नाही, मग बेरीज कशाला? ते खऱ्या केबलवर उतरू लागलं तरच खरं कार्ड ती बेरीज भरतं. पण आयपी मागून घेणारे काही जुने डीएचसीपी क्लायंट इतके काटेकोर होते की अर्धवट चेकसमचं पॅकेट फेकून देत आणि व्हीएमला आयपी मिळतच नसे. त्यांच्यासाठी लिबव्हर्टला चेकसम भरून देणारा खास नियम ठेवावा लागला.

आणि व्हीएम सुरू होऊन पहिला अर्धा मिनिट नेटवर्कच नसेल, नंतर आपोआप येत असेल, तर ब्रिजवर एसटीपी चालू आहे का बघा. रेडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास तारांची चुकून झालेली वर्तुळं ओळखण्यासाठी ही पद्धत बांधली. तिच्यात नव्या जोडणीने पंधरा सेकंद नुसतं ऐकायचं आणि पंधरा सेकंद शिकायचं असतं. तारा गेल्या, थांबणं राहिलं. ब्रिजला बाहेरची एकच वाट असेल तर एसटीपीच बंद करायला हरकत नाही.

हे सगळं घरच्या जुन्या लॅपटॉपवर करून बघता येतं. लिनक्स, केव्हीएम आणि एक छोटी व्हीएम पुरे. फक्त ब्रिज वायफायवर बांधू नका. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट साधारणपणे नोंद केलेल्या मॅक पत्त्याखेरीज कुणाची पॅकेट घेत नाही, आणि व्हीएमचा पत्ता त्याच्याकडे नोंदलेला नसतो. केबलच लावा.