कोल्हापूरचा कॅमेरा : एका यंत्राचा वारसा

कलेच्या इतिहासात कृतींची नोंद होते. त्या कृती ज्या यंत्राने घडविल्या त्याची बहुधा होत नाही. मराठी चित्रपटाच्या बाबतीत मात्र यंत्राचा विचार केल्यावाचून परंपरेचा उलगडा होत नाही.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडातून विल्यम्सन कॅमेरा मिळविला व १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला. त्या उदाहरणाने कोल्हापुरातील आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर या नाट्यपडदे रंगविणाऱ्या कलावंतांना चित्रपटाची ओढ लागली. आनंदराव १९१६ साली निवर्तले. परंतु विष्णुपंत दामले यांच्या साह्याने बाबूरावांनी १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला.

या कार्याची अवघड बाजू ध्यानी घेतली पाहिजे. हाताने फिरविण्याच्या कॅमेऱ्यात सेकंदास सुमारे १६ चित्रे घेतली जात. प्रत्येक चित्रासाठी फीत क्षणभर निश्चल राहावी, झडप उघडून मिटावी आणि मगच आकड्याने फितीची चार छिद्रे पुढे ओढावी, असा हा क्रम आहे. झडप मिटण्यापूर्वी फीत हलली तर चित्र फिसकटते. छिद्रांच्या ओढीत किंचित अंतर पडले तर तोच दोष पडद्यावर शतपटींनी वाढून दिसतो. अर्थात येथे चित्रकाराच्या दृष्टीला कारागिराच्या हाताची जोड आवश्यक होती.

या कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. त्यातील कीचकवध इतका वास्तव वाटला की तो भाग पुढे वगळावा लागला. याच कंपनीत दामले, फत्तेलाल व शांताराम हे तयार झाले आणि १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’च्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. बोलपटाचे युग येताच दामले ध्वनिलेखनाकडे वळले. परके यंत्र उलगडून समजून घेण्याची जी सवय त्यांना कॅमेरा घडविताना लागली होती, तीच येथे उपयोगी पडली असे मानण्यास आधार आहे. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला.

‘प्रभात’चे वैभव केवळ एका यंत्राचे फळ होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, नाट्यकलेचा संस्कार आणि आश्रयदात्यांचे धन यांचाही त्यात वाटा होता. तथापि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले असताना तिची विद्या टिकून राहिली, ती शिकलेल्या हातांमुळे. १९३३ साली पुण्यास आलेल्या ‘प्रभात’च्या वास्तूतच १९६० मध्ये चित्रपट-शिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. यंत्र झिजते, यंत्र घडविताना आलेली समज मात्र पिढ्यांना पुरते.