फरशी फोडण्याआधी पाणी मोजा

बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावातले पाणी रोज बोट-दोन बोटे उतरू लागले की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणते, ऊनच तसे आहे. प्लंबरला पाइपची शंका येते, तर गवंडी सगळ्या टाइल काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करायला सांगतो. यांपैकी कुणाचेही म्हणणे खरे असू शकते, पण किती पाणी कुठल्या वेळी कमी होते, हे बहुधा कुणी मोजलेले नसते. चिवट गळती वर्षानुवर्षे टिकते ती यामुळेच. कोल्हापुरातल्या कसबा बावड्यासारख्या ठिकाणी तर हा अंदाजपंचे कारभार अधिकच महागात पडतो. पंचगंगेकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्या या हालचालीने बांधकामावर ताण येतो आणि पाइप जिथे भिंतीत शिरतो ते सांधे ढिले होऊ शकतात. शिवाय गळणारे पाणी त्याच मातीत मुरून तिला असमान फुगवते, म्हणजे एका भेगेतून दुसऱ्या भेगेची तयारी होते. तेव्हा गळतीचा शोध लवकर घ्यायला हवा आणि तो क्रमाने घ्यायला हवा.

पहिला प्रश्न, गळती खरोखर आहे का? उत्तराला एक बादली पुरते. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून ती तलावाच्याच पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरायची. तिचा बराचसा भाग पाण्यात बुडालेला असावा, म्हणजे आतले-बाहेरचे तापमान सारखे राहते. बादलीतली आणि तलावातली अशा दोन्ही पातळ्यांवर खूण करायची आणि चोवीस तास तलावात कुणी उतरायचे नाही. ऊन, वारा, हवेतला ओलावा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे बादलीत जेवढी घट होईल तेवढे बाष्पीभवन. तलावात त्याहून जास्त घट झाली तर तो फरक गळतीचा. आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद तलावात पातळी एक मिलिमीटर उतरली की 32 लिटर पाणी गेलेले असते. समजा, बादलीत 6 मिलिमीटर घट झाली आणि तलावात 15. मधल्या 9 मिलिमीटरचे 288 लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी रोज जमिनीत जाते आहे. पातळी आपोआप राखणारा व्हॉल्व्ह असेल तर तो या काळात बंद हवा. तो चालू राहिला तर गळती फक्त पाणीबिलात दिसते.

पुढचा प्रश्न, पाणी हौदातून जाते की पाइपातून? त्यासाठी हीच चाचणी एकदा मोटर चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करायची. मोटर चालू असताना घट जास्त भरली तर संशय फिल्टरकडून तलावात पाणी परत आणणाऱ्या, दाबाखालच्या पाइपवर जातो. बॅकवॉशचे, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्यावरचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचे तोंडही तेव्हा पाहावे. व्हॉल्व्हमधले रबर झिजले असेल तर तिथून बारीक धार वाहत राहते. मोटर बंद असताना घट जास्त आणि चालू असताना परतीच्या पाण्यात हवेचे बुडबुडे, असे दिसले तर दोष मोटरकडे पाणी ओढणाऱ्या पाइपात असण्याचा संभव मोठा. दोन्ही वेळा घट सारखीच असेल तर नजर हौदाकडे वळवावी. मग मोटर बंद ठेवून पाणी उतरू द्यायचे. ते दिव्याच्या खाचेशी किंवा वरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी येऊन थांबले तर छिद्र त्याच उंचीवर शोधावे. तिथल्या स्थिर पाण्यात पिचकारीने खाण्याच्या रंगाचे दोन थेंब सोडले की रंगाची बारीक रेघ भेगेत ओढली जाताना डोळ्यांना दिसते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्या हौदाला एकदाच नवा थर दिला तर काय बिघडले? बिघडते ते असे, की दोष जमिनीखालच्या पाइपच्या सांध्यात असेल तर भिंतीवरचा कितीही चांगला थर त्याला थांबवत नाही. खर्च होतो, काही दिवस समाधान मिळते आणि पातळी पुन्हा उतरू लागते. दुसरे म्हणजे नव्या थरासाठी तलाव रिकामा करावा लागतो. नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर आलेले असते. रिकाम्या हौदावर ते खालून दाब देते आणि तळ तडकू शकतो किंवा अख्खा हौद उचलला जाऊ शकतो. बाहेरच्या भूजलाची पातळी न पाहता तलाव रिकामा करणे म्हणजे लहान दुखणे मोठे करून घेणे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पोहण्याचा तलाव ही मोजक्या घरांची गोष्ट, मग इतरांना त्याचे काय? पण जमिनीखालची पाण्याची टाकी घरोघरी आहे आणि शोधाची रीत तिथेही तीच. उलट तिथे ती सोपी आहे, कारण झाकलेल्या टाकीत बाष्पीभवन नगण्य असते. रात्री आत येणारे पाणी आणि वर चढवणारी मोटर बंद करून पातळी मोजावी. सकाळी ती उतरलेली असेल तर टाकी किंवा तिला जोडलेला पाइप गळतो आहे. इथे धोका मात्र पाणी वाया जाण्यापुरता नाही. ज्या भेगेतून पाणी बाहेर जाते, त्याच भेगेतून बाहेरचे पाणी टाकी रिकामी असताना आत शिरते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कोल्हापूरने पुराचे पाणी वस्तीत आलेले पाहिले आहे; अशा वेळी गळकी टाकी म्हणजे आजाराला उघडे दार. काळम्मावाडी धरणातून सुमारे 53 किलोमीटर पाइपातून शहरात आणलेले पाणी शुद्ध करून घरी पोचवायला वीज, पैसा आणि माणसांचे श्रम लागतात. ते पाणी उंबरठ्याच्या आत आल्यावर सांभाळणे हे घरमालकाचेच काम. म्हणून दुरुस्तीला येणाऱ्याकडे दर विचारण्याआधी दोष नेमका कुठे आहे आणि तो कुठल्या मोजणीवरून ठरवला, हे विचारावे. याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत एकही फरशी उचलू देऊ नये.